रॉडचं बेरिंग ‘जेवढं टाईट तेवढं चांगलं’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

“इंजिन बांधायचं खरं गुपित” या नावाचा मेसेज परत फिरायला लागलाय आणि यावेळी त्याच्या खाली शंभर जणांचे अंगठे आणि “लाख मोलाची माहिती दादा” वगैरे पण आहे. ज्यांच्यापर्यंत पोचला नाही त्यांना थोडक्यात सांगतो. शोरूमवाले आणि मशीन शॉपवाले लुटतात, कनेक्टिंग रॉडची, म्हणजे पिस्टन आणि क्रँक जोडणाऱ्या दांड्याची, बेरिंग बसवायला मोजमाप लागत नाही. बेरिंग जेवढं टाईट तेवढं जास्त टिकतं. सैल वाटलं तर कॅप (रॉडच्या मोठ्या भोकाचा बोल्टनं आवळायचा अर्धा भाग) काचेवर पॉलिश पेपर ठेवून घासा, नाहीतर शेलच्या (बेरिंगच्या अर्धगोल तुकड्याच्या) मागं सिगारेटच्या पाकिटातली चंदेरी पन्नी घाला. शेलच्या मागं ग्रीस लावा, छान बसतं, फिरायची भीती नाही कारण खाचेत लॉक आहे. नवीन शेल स्क्रेपरनं हलकं खरवडा, ऑइल धरतं. प्लास्टिगेज, म्हणजे फट मोजायची मऊ प्लास्टिकची दोरी, हे कंपन्यांचं खूळ. कॅप कुठलीही कुठंही चालते, साईज एक असली की झालं. टॉर्क रेंच नको, हाताला कळतं, बोल्ट जुनेच टाका. आणि पहिला स्टार्ट मारला की दाबून रेस करा म्हणजे ऑइल सगळीकडं पोचतं.

यातलं प्रत्येक वाक्य चूक आहे असं नाही म्हणणार मी, काही गोष्टी एका काळी बरोबर होत्या, त्यावर खाली येतोच. पण सगळा मेसेज मिळून जे सांगतो ते नेमकं उलटं आहे. शेल रॉडमध्ये घट्ट पाहिजे आणि क्रँकवर सैल पाहिजे, शेलची पाठ कोरडी पाहिजे आणि तोंडाला ऑइल पाहिजे, आणि या भाऊंनी दोन्हीची अदलाबदल करून टाकलीय. म्हणून एकेक घेऊ.

“बेरिंग टाईट असलं की जास्त टिकतं, बांधून झाल्यावर क्रँक जड फिरला पाहिजे.”

पहिली गोष्ट, चालू इंजिनात रॉडचं बेरिंग क्रँकला टेकतच नाही, म्हणजे टेकू नये यासाठीच तर सगळा खटाटोप असतो. मधे ऑइलचा पातळ थर असतो आणि सगळं वजन तो थर उचलतो. हे कोणाच्या मनातलं नाहीये, १८८३ साली बीचम टॉवर नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं तिथल्या इन्स्टिट्यूशन ऑफ मेकॅनिकल इंजिनिअर्ससाठी रेल्वेच्या आसासारख्या बेरिंगवर प्रयोग केले, त्यात त्यानं बेरिंगला वरून ऑइल सोडायला भोक पाडलं तर ऑइल आत जायच्या ऐवजी त्या भोकातून वर यायला लागलं, त्यानं लाकडी गुडदी ठोकली तर ती पण बाहेर ढकलली गेली, मग शेवटी प्रेशर गेज लावला आणि बेरिंगवर सरासरी भार चौरस इंचाला शंभर पाउंड असताना गेज दोनशेच्या पुढं गेला. पंप नव्हता त्याच्याकडं. नुसता आस फिरतोय म्हणून ऑइल निमुळत्या फटीत ओढलं जातं आणि तिथं स्वतःचं प्रेशर तयार करतं. १८८६ मध्ये ऑस्बोर्न रेनॉल्ड्सनं त्याचं गणित मांडलं आणि आजही बेरिंग डिझाईन करणारे तेच गणित वापरतात. पावसाळ्यात एक्सप्रेसवेवर जोरात असताना टायर रस्ता सोडून पाण्यावर चढतं ना, तसंच हे, फक्त तिथं आपल्याला नको असतं आणि इथं हवं असतं.

आता आकडा बघा म्हणजे कळेल हा थर काय सोसतो. स्विफ्ट डिझेल, इंडिका व्हिस्टा, पुंटो या सगळ्यात जे मूळ फियाटचं १२४८ सीसीचं डिझेल इंजिन होतं त्याचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ६९.६ मिलीमीटर, म्हणजे पिस्टनचं वरचं क्षेत्र साधारण ३८ चौरस सेंटीमीटर. कॉमन रेल डिझेलमध्ये फायरिंगच्या वेळचं प्रेशर १५० बारच्या आसपास धरलं तर पिस्टनवर साडेपाच टनांच्या वर धक्का येतो, प्रत्येक पॉवर स्ट्रोकला, आणि तो सगळा रॉडमधून त्या दोन बोटं रुंद शेलवर. ऑइल पंप देतो तीन-चार बार. म्हणजे पंपाच्या जोरावर हे वजन उचललं जात नाही हे उघड आहे, पंपाचं काम फटीत ऑइल कमी पडू न देणं एवढंच, उचलायचं काम ती फट आणि क्रँकचा वेग मिळून करतात.

तर ती फट किती? जुना ठोकताळा असा की जर्नलच्या, म्हणजे क्रँकची जी गोल पिन बेरिंगमध्ये फिरते तिच्या, व्यासाच्या दर इंचाला पाऊण ते एक थाऊ, म्हणजे इंचाचा हजारावा भाग. पन्नास मिलीमीटरची पिन असेल तर ०.०४ ते ०.०५ मिमी. ठोकताळा ठोकताळाच, खरा आकडा त्या इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये असतो आणि तोच धरायचा. यापेक्षा टाईट केलं तर ऑइल फिरायलाच जागा राहत नाही, ऑइल फिरलं नाही की उष्णता बाहेर जात नाही, शेल तापतं, फुगतं, फट आणखी कमी होते, आणि मग तो प्रवास जाम होईपर्यंत थांबत नाही. गार इंजिनात हातानं फिरवताना ‘मस्त टाईट’ वाटलेलं इंजिन गरम झाल्यावर काय करेल याचा विचार मेसेजमध्ये कुठंच नाही.

सैल पण नको, हे पण सांगितलं पाहिजे, नाहीतर उद्या कोणी माझ्या नावावर उलटा मेसेज फिरवेल. फटीतून बाहेर गळणारं ऑइल फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. फट दुप्पट झाली की गळती आठपट. मग गरम इंजिन आयडलवर असताना ऑइलची लाल लाईट लुकलुकायला लागते आणि लोक ऑइल पंप बदलतात.

क्रँक जड फिरण्याचं म्हणाल तर नवीन रिंगा टाकल्यावर तो जड फिरणारच, तो जोर पिस्टन रिंगा आणि लायनरचा आहे, बेरिंगचा नाही. पाहिजे ते असं की एक रॉड पूर्ण आवळला की क्रँक एक फेरा फिरवून बघायचा, मग दुसरा आवळायचा, परत फिरवायचा, आणि एखाद्या रॉडनंतर अचानक जड झाला तर तिथंच थांबून तो उघडायचा. आवळलेला रॉड पिनवर दोन्ही बाजूंना थोडा सरकला पण पाहिजे, साईड प्ले साधारण ०.१ ते ०.३ मिमी, फीलर गेजनं बघता येतो. सगळे आवळून झाल्यावर शेवटी एकदाच फिरवणारे मग चारीपैकी कुठलं अडतंय ते शोधत बसतात.

आता सगळ्यात धोकादायक भाग.

“सैल वाटलं तर कॅप घासा, नाहीतर मागं पन्नी घाला.”

ही युक्ती कोणी घरी बसून शोधलेली नाही. जुन्या इंजिनांत रॉडमध्येच व्हाईट मेटल, म्हणजे बेरिंगचा मऊ मिश्रधातू, ओतलेलं असायचं, आयझॅक बॅबिटनं १८३९ मध्ये पेटंट घेतलेली ती पद्धत, आणि रॉड नि कॅपच्या मधे पातळ पत्र्याच्या शिम ठेवलेल्या असायच्या. मेटल झिजलं, खडखड यायला लागली की एक शिम काढायची, कॅप जवळ यायची, परत चालू. फोर्डच्या जुन्या ‘मॉडेल टी’ गाडीत तर रॉडचं मेटल असं अॅडजस्ट करणं हे गाडीमालकाचं नेहमीचं काम होतं आणि कॅप घासणं त्यातच आलं. पाणी उपसायच्या जुन्या संथ डिझेल इंजिनांवर ज्यांनी हात बसवला त्या पिढीला हे बरोबरच शिकवलं गेलं होतं. मिनिटाला सहा-साडेसहाशे फेरे घेणारं इंजिन, एक-दोन मिलीमीटर जाड मेटल, त्यात चालून जायचं. त्या मिस्त्रींना नावं ठेवायचं कारण नाही.

पण आज आपण बसवतो ते पातळ शेल आहे, आणि त्याची रचनाच वेगळी. अर्धं शेल बरोबर अर्धं वर्तुळ नसतं, त्यापेक्षा किंचित जास्त असतं. रॉडमध्ये बसवलं की त्याच्या कडा जॉइंटच्या वर अगदी थोड्या, नखाला लागेल न लागेल एवढ्या, उभ्या राहतात. कॅप आवळली की दोन्ही शेलच्या कडा एकमेकींवर दाबल्या जातात, शेलला पळायला जागा नसते, म्हणून ते चारी बाजूंनी रॉडच्या भोकाला घट्ट चिकटतं. याला क्रश म्हणतात आणि शेलला जागेवर धरणारी गोष्ट हीच, दुसरी कुठली नाही. कंपनीनं शेलची लांबी त्या भोकाच्या मापाला धरून ठरवलेली असते.

तुम्ही कॅपचा ०.०५ मिमी घासला की दोन गोष्टी होतात. भोक उभं ०.०५ नी कमी होतं पण आडवं आहे तेवढंच राहतं, म्हणजे गोल होतं ते अंडाकृती झालं. आणि क्रश गरजेपेक्षा वाढला, शेलच्या कडांना कुठं जायचं कळत नाही म्हणून त्या जॉइंटपाशी आत, क्रँकच्या बाजूला फुगतात. कंपनी याच जागेला इतकी घाबरते की शेलची जाडी मधे जास्त आणि जॉइंटकडं कमी करत आणते, मुद्दाम, म्हणजे कडेला फट मोठी राहावी, ऑइल आत यावं आणि रॉड ताणला जाऊन भोक आडवं आवळलं गेलं तरी कडा क्रँकला खरडू नयेत. आणि आपण घरी काचेवर घासून नेमकं तिथंच कडा आत आणून ठेवतो.

पन्नीचं तर विचारूच नका. शेलची उष्णता पाठीमागून रॉडमध्ये जाते, त्यासाठी स्टील स्टीलला पूर्ण टेकलेलं पाहिजे. मधे पन्नी आली की शेल काही ठिकाणी टेकतं, काही ठिकाणी अधांतरी, भार आला की तेवढ्या जागी लवतं, आणि हजार वेळा लवलं की वरचा थर चिरा पडून निघतो. पन्नी पण राहत नाही, ती दाबून पातळ होते आणि मग जेवढा क्रश होता तो पण गेला.

आणि मुळात सैल का वाटतंय? बहुतेक वेळा पिन झिजलेली, टेपर (एका टोकाला बारीक) किंवा ओव्हल (अंडाकृती) झालेली असते. क्रँक खराब आणि आपण घासतोय कॅप, आजार रेड्याला आणि औषध पखालीला. पिन ग्राइंड करायची आणि त्या साईजचं शेल टाकायचं, याला दुसरा रस्ता नाही.

कॅप घासण्याचा एक प्रकार मात्र रास्त आहे. रॉडचं मोठं भोकच ओव्हल झालं असेल तर चांगला मशीन शॉपवाला रॉड आणि कॅप दोन्हीचे जॉइंट मशीनवर अगदी थोडे कापतो, कॅप टॉर्कवर आवळतो आणि मग भोक होन करून (आतून बारीक घासून) परत कंपनीच्या मूळ मापावर गोल आणतो. म्हणजे घासलं, पण नंतर गोल केलं. मेसेजनं अर्धंच उचललं. आणि हल्लीचे बरेच रॉड फ्रॅक्चर स्प्लिट असतात, भोक अखंड तयार करून मग कॅप तडकवून वेगळी केलेली, जॉइंट बघितला तर तुटलेल्या दगडासारखा खडबडीत दिसतो, आणि तो खडबडीतपणाच कॅपला केसाइतकी पण सरकू देत नाही. त्यावर पॉलिश पेपर फिरवला की रॉड भंगारात. तोच रॉड उभा टेबलावर ठेवताना जॉइंटवर आपटला तरी नुकसान होतं, तिथं घासायच्या गोष्टी कुठं करता.

ग्रीस आणि लॉकचं वर निम्मं आलंच. लॉक म्हणजे शेलच्या कडेची ती छोटी जीभ, ती शेल बसवताना ते पुढं-मागं सरकू नये, मधोमध बसावं एवढ्यासाठी आहे. साडेपाच टनाचे धक्के आणि मिनिटाला हजारो फेरे असताना ती जीभ शेल धरून ठेवेल असं वाटत असेल तर ज्याचं शेल फिरलंय तो रॉड बघा, जीभ सपाट झालेली असते आणि शेल वर-खाली एकमेकांवर चढलेलं असतं. आजच्या कित्येक इंजिनांच्या शेलला ती जीभ देतच नाहीत आणि ती इंजिनं व्यवस्थित चालतात, कारण धरतोय तो क्रश. म्हणून शेलची पाठ आणि रॉडचं भोक दोन्ही धुऊन, बिनधाग्याच्या फडक्यानं पुसून, पूर्ण कोरडं बसवायचं. मागं ग्रीसचा थर राहिला तर पकड पण कमी आणि उष्णता पण अडते. फडक्याचा एक धागा जरी मागं अडकला तरी शेल तेवढ्या जागी आत फुगतं, आणि नंतर उघडल्यावर बरोबर त्या ठिकाणी चकचकीत टिकली पडलेली दिसते. ऑइल किंवा असेंब्ली पेस्ट लावायची ती आतल्या बाजूला, क्रँककडं, आणि तिथं पण चाकाचं ग्रीस नाही, ते गरम ऑइलमध्ये नीट विरघळत नाही आणि गाळणीत जाऊन बसतं.

“नवीन शेल खरवडून घ्या.”

हे पण व्हाईट मेटलच्या जमान्यातलं. तेव्हा ओतलेलं मेटल क्रँकला निळा रंग लावून, टेकेल तिथं खरवडून, परत रंग लावून असं बसवायचे, दिवस जायचा त्यात आणि ते खरोखर कसब होतं. आजच्या शेलमध्ये खाली स्टील, त्यावर तांब्याच्या किंवा अॅल्युमिनियम-टिनच्या मिश्रधातूचा थर, आणि बऱ्याच शेलवर सगळ्यात वर ओव्हरले, म्हणजे मऊ धातूचा पातळ थर, असतो, जाडी साधारण १२ ते २५ मायक्रॉन. केस सत्तर एक मायक्रॉनचा असतो, म्हणजे केसाच्या तिसऱ्या हिश्शाएवढा. स्क्रेपरचा एक हलका हात आणि तो थर गेला, ज्याचे पैसे आपण दिले तोच. हा थर बारीक कचरा पोटात घेतो आणि स्टार्टच्या क्षणी, ऑइल यायच्या आधी, क्रँकला सांभाळतो. शेलला बोट पण कमीत कमी लावायचं असतं.

याच मेसेजमध्ये पुढं क्रँक पण हातानं पॉलिश पेपरनं ‘साफ’ करायला सांगितलाय. हातात पट्टी धरून घासलं की कुठं जास्त कुठं कमी निघतं, पिन गोल राहत नाही, आणि इथं गोलाईची मर्यादा मिलीमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास असते. ग्राइंडिंगवाल्याकडं बेल्टवर पॉलिश होतं त्यात आणि यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

प्लास्टिगेजवर मात्र मी मेसेजवाल्याला अर्धा गुण देतो, नुसत्या प्लास्टिगेजवर भिस्त ठेवणं चूकच. पण तो त्याच्या जागी डोळ्याचा अंदाज सुचवतो, म्हणजे आगीतून फुफाट्यात. खरं काम मायक्रोमीटरचं. पिन दोन्ही टोकांना आणि प्रत्येक ठिकाणी काटकोनात दोनदा मोजायची, त्यावरून टेपर आणि ओव्हल दोन्ही कळतं. मग शेल घालून, कॅप पूर्ण टॉर्कवर आवळून, बोअर गेजनं आतलं माप घ्यायचं, ते जॉइंटच्या रेषेत नाही तर जॉइंटला काटकोनात, कारण जॉइंटकडं शेल मुद्दाम पातळ आहे हे वर सांगितलंच. दोन्हीची वजाबाकी म्हणजे तुमची फट. प्लास्टिगेज ही त्याची उलटतपासणी. हिरवी दोरी ०.०२५ ते ०.०७६ मिमीसाठी, लाल ०.०५१ ते ०.१५२, निळी ०.१०२ ते ०.२२९, म्हणजे गाडीच्या रॉडला बहुतेक वेळा हिरवीच लागते. पिन आणि शेल कोरडं पुसायचं कारण ती ऑइलमध्ये विरघळते, दोरी पिनच्या लांबीला ठेवायची, कॅप पूर्ण टॉर्कवर, आणि मधे क्रँक अजिबात हलवायचा नाही, मग उघडून चपटी झालेली दोरी पाकिटावरच्या पट्टीशी जुळवायची. एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला अरुंद दिसली तर टेपर आहे. पाच मिनिटांचं काम. याला खूळ म्हणणाऱ्यांना इंजिन दुसऱ्यांदा उघडायला किती वेळ लागतो विचारा.

साईजच्या बाबतीत आणखी एक घोळ असतो. दहा, वीस, तीस, चाळीस म्हणजे पिन पाव, अर्धा, पाऊण, एक मिलीमीटरनं कमी केलेली, एवढं सगळ्यांना माहीत असतं. पण बॉक्सवर वीस लिहिलंय म्हणून आत वीसच आहे असं धरू नका, प्रत्येक शेलच्या पाठीवर आकडा मारलेला असतो तो वाचा. आणि आजकालच्या बऱ्याच इंजिनांत ‘स्टँडर्ड’ मध्येच तीन-चार ग्रेड असतात, काही मायक्रॉनच्या फरकाच्या, रंगाच्या टिपक्यानं किंवा अक्षरानं ओळखायच्या, क्रँकवर आणि रॉडवर खुणा असतात त्या जुळवून शेल निवडायचं. तिथं ‘स्टँडर्ड द्या’ म्हणून दुकानातून उचललेलं शेल चालेलच असं नाही.

कॅप कुठलीही कुठंही चालत नाही. रॉड आणि त्याची कॅप एकत्र आवळून भोक केलेलं असतं, दुसऱ्या रॉडची कॅप लावली की ते भोक गोल राहत नाही. नंबर असतात, नसतील तर उघडायच्या आधी खूण करायची, आणि दोन्ही नंबर एकाच बाजूला आले पाहिजेत. शेल पण वरचं-खालचं बघून, काही डिझेलमध्ये रॉडच्या बाजूचं शेल जास्त कडक थराचं, स्पटर म्हणतात तसलं असतं, कारण फायरिंगचा मार तिकडं असतो, ते खाली कॅपमध्ये गेलं आणि साधं वर आलं तर काही दिवसांत निकाल. वरच्या शेलला ऑइलचं भोक असेल तर ते रॉडच्या भोकासमोर आलंय का बघायचं.

“टॉर्क रेंच कशाला, हाताला कळतं, बोल्ट जुनेच चालतात.”

हाताला कळतं ते घर्षण. आपण बोल्टवर जो जोर लावतो त्यातला निम्मा डोक्याखालच्या घासण्यात जातो, चाळीसेक टक्के आट्यांच्या घासण्यात, आणि उरलेल्या दहाएक टक्क्यांतून बोल्ट खरा ताणला जातो. म्हणजे एका बोल्टच्या आट्या कोरड्या आणि दुसऱ्याच्या ऑइली असतील तर हाताला दोन्ही सारखेच वाटतील पण ताण कुठल्या कुठं वेगळा. टॉर्क रेंचला पण हे कळत नाही, म्हणूनच मॅन्युअलमध्ये आट्या ऑइल लावून की कोरड्या ते लिहिलेलं असतं, आणि म्हणूनच नवीन इंजिनांत आधी थोडा टॉर्क आणि मग ठराविक अंश फिरवायचं असं असतं, फोक्सवॅगनच्या बऱ्याच इंजिनांत ३० न्यूटन मीटर आणि वर ९० अंश. हे बोल्ट मुद्दाम एवढे ताणतात की ते थोडे कायमचे लांब होतात, आणि तसले एकदा ताणलेले बोल्ट परत वापरायचे नसतात.

आणि बोल्टवर खरा भार कधी येतो माहिती आहे का, एक्सलरेटर दाबल्यावर नाही. फायरिंगचा जोर रॉडच्या वरच्या बाजूला येतो, तिथं कॅपवर तसा काही मार नसतो. पण खंबाटकी किंवा आंबेनळी उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन ओरडतंय, पाय एक्सलरेटरवर नाही, तेव्हा वर जाणारा पिस्टन अडवून खाली ओढायचं काम ती कॅप आणि ते दोन बोल्ट करतात, आणि फेरे दुप्पट झाले की हा ओढा चौपट होतो. तिथं एक बोल्ट जरी कमी ताणलेला असेल तर कॅप प्रत्येक फेऱ्याला अगदी किंचित उघडते, क्रश सुटतो, शेल फिरतं, किंवा बोल्ट थकून तुटतो आणि रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो. ब्लॉकला पडलेलं ते भोक दाखवून लोक “ऑइल कमी होतं” म्हणतात.

बसवतानाची एक गोष्ट मेसेजमध्ये नाही म्हणून सांगतो, ज्या रॉडमध्ये बोल्ट आधीच ठोकलेले असतात त्यांच्या आट्यांवर जुन्या पेट्रोल पाईपचे दोन तुकडे चढवा आणि मगच पिस्टन खाली सारा. नाहीतर नवीन ग्राइंड केलेल्या पिनवर बोल्टची आटी घासून ओरखडा पडतो आणि केलेलं सगळं मातीत.

मेसेजमध्ये आणखी एक गोष्ट अजिबातच नाही, ती म्हणजे धुणं. ग्राइंडिंगवरून आलेल्या क्रँकच्या ऑइलच्या भोकांत ग्राइंडिंगची पूड बसलेली असते. प्लग असतील तर ते काढून, आत बारीक ब्रश घालून, धुऊन, हवा मारून साफ करायचं, वरवर डिझेलनं धुऊन भागत नाही. हे किती महागात पडू शकतं याचं उदाहरण गॅरेजमधलं नाही, कारखान्यातलं आहे. २०१५ च्या सप्टेंबरात ह्युंदाईनं अमेरिकेत २०११ आणि २०१२ मॉडेलच्या साधारण ४,७०,००० सोनाटा गाड्या परत बोलावल्या, कारण काय तर अलाबामाच्या कारखान्यात क्रँकच्या ऑइलच्या वाटांत मशीनिंगचा धातूचा कचरा राहिला होता, तो रॉडच्या बेरिंगचं ऑइल अडवत होता आणि बेरिंग जात होती. एवढी मोठी कंपनी, मोजमापं सगळी बरोबर, आणि कचऱ्यानं घात केला.

राहिलं पहिलं स्टार्ट. “दाबून रेस करा म्हणजे ऑइल पोचतं” यात क्रमच चुकलाय, ऑइल आधी पोचलं पाहिजे आणि मग इंजिन पेटलं पाहिजे. फिल्टर उभा बसत असेल तर ऑइलनं भरून लावा, पंप उघडला असेल तर कोरडा बसवू नका कारण कोरडा पंप ऑइल ओढत नाही, मग डिझेल असेल तर इंधन बंद करून आणि पेट्रोल असेल तर इंजेक्टर आणि कॉइलचे सॉकेट काढून स्टार्टर थोडा थोडा मारा, लाईट विझेपर्यंत किंवा गेज हलेपर्यंत, मधे स्टार्टरला गार होऊ द्या. त्यानंतर इंधन चालू करा. पेटल्यावर काही सेकंदांत प्रेशर दिसलं नाही तर बंद, “येईल थोड्या वेळानं” नाही. आणि हजार किलोमीटर चाळीसच्या वर जाऊ नका हे बेरिंगसाठी नसतं, बेरिंगला मुरायला काही लागत नाही, जपायचं ते रिंगांसाठी, आणि रिंगांना पण नुसतं रांगत चालवलेलं चालत नाही, त्यांना मधे मधे मध्यम लोड लागतो.

पहिलं ऑइल मात्र लवकर काढा, काहीशे किलोमीटरला, आणि फिल्टर फेकून न देता कापून त्याचा कागद उलगडून उन्हात बघा. थोडी राखाडी चमक असतेच नवीन रिंगांची. तांबूस कण दिसले, किंवा चुंबकाला न लागणारे पातळ चकचकीत पापुद्रे दिसले, तर नवीन फिल्टर लावून गाडी बाहेर काढू नका, चेंबर (इंजिनाखालची ऑइलची टाकी) खाली घ्या आणि एकेक कॅप उघडून बघा.